सादर केलेले नाही

एकोणीस वर्षांपूर्वी पाहूसरांना एक पत्र आलं होतं, आणि त्याचं उत्तर त्यांनी अजून दिलेलं नव्हतं.

पत्र काही लांबलचक नव्हतं. रेघी कागदाची एकच बाजू, निळी शाई, आणि तळाशी सही इतकी नेटकी की करणाऱ्याने ती आधी दुसऱ्या कागदावर गिरवून पाहिली असावी. 'सर, मी माझी वही तुमच्याकडे दिली होती. तुम्ही ती हिरव्या पिशवीत ठेवलीत, मी पाहिलं होतं. निकालावर "वही सादर केलेली नाही" असं आलं आहे. वीस गुण गेले ते गेले. पण बाबा म्हणतात, मी वही लिहिलीच नव्हती आणि वर खोटं बोलतो. मी दिली होती, एवढंच तुम्ही बाबांना दोन ओळींत कळवा. पत्ता दुकानाचा टाका.'

दुकान कुलपं-किल्ल्यांचं होतं, बाजाराच्या टोकाला, शाळेपासून चालत दहा मिनिटांवर.

पत्र वाचून सर म्हणाले, "पाहू."

हे ते नेहमीच म्हणत. कोणी रजा मागितली, पाहू. कोणी विचारलं, सर, सहल निघणार का, पाहू. म्हणून तर मुलांनी त्यांचं नाव पाहूसर ठेवलं होतं, आणि ते इतकं अंगाला चिकटलं की नवीन शिक्षक त्यांना आडनाव समजून 'नमस्कार, पाहूसर' म्हणत. सरांनी कधी कोणाला दुरुस्त केलं नाही. ते भाषा शिकवत, बोलत कमी, वाचत फार, आणि वर्गात एखादी गोष्ट ठामपणे सांगितली की घरी येऊन तीन पुस्तकांत पडताळून पाहत. बहुधा ती बरोबरच निघे. तरी पुढच्या वेळी ते पुन्हा पडताळत.

वही कशी हरवली ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. हिरव्या पिशवीत चाळीस वह्या घेऊन ते घरी निघाले होते. वाटेत जुन्या पुस्तकांच्या गाडीवर दोन जाडजूड खंड दिसले. खंड पिशवीत मावेनात म्हणून सरांनी वह्या बाहेर काढून गाडीवर ठेवल्या, खंड तळाशी घातले, वर वह्या रचल्या. घरी येऊन मोजल्या तर एकोणचाळीस. दुसऱ्या दिवशी धापा टाकत गाडीवर गेले. गाडीवाला म्हणाला, "साहेब, माझ्याकडे रोज पोतंभर वह्या रद्दीत येतात. तुमची कुठली, ती ओळखायची कशी?"

मुख्याध्यापकांना सांगायला हवं होतं. सर त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत दोनदा गेले. तिसऱ्यांदा जाईपर्यंत निकाल लागला होता.

मग पत्र आलं. सरांनी ते मोठ्या शब्दकोशात ठेवलं, कारण तो रोज उघडावा लागे आणि पत्र रोज समोर येईल, असा त्यांचा हिशेब होता. तसं ते आठ दिवस आलं. नवव्या दिवशी सरांनी दुसरा शब्दकोश विकत घेतला. त्याच सुमाराला त्यांनी शाळेत जायचा रस्ताही बदलला. बाजारातून न जाता बर्फाच्या कारखान्याला वळसा घालून जाऊ लागले. बायकोला म्हणाले, "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय." डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. ते दोन खंडही अजून न वाचलेलेच होते.

तर अशी सगळी झाकपाक करून एकोणीस वर्षं पार पडली, निवृत्तीला एक वर्ष उरलं, आणि शाळेत ई-पोर्टफोलिओ आला.

शाळेच्या सभागृहात सगळ्या शिक्षकांना बसवून तो समजावून सांगण्यात आला. समजावणारा तरुण कंपनीकडून आला होता. अख्ख्या सभागृहात टाय घातलेला तो एकटाच, त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत तो टायवाले झाला. त्याचं म्हणणं सोपं होतं. प्रत्येक मुलाच्या नावाने संगणकात एक खण. त्यात वर्षभरातलं उत्तम काम ठेवायचं: निबंध, चित्रांचे फोटो, प्रयोगाच्या नोंदी. प्रत्येक कामाखाली 'चिंतन' नावाची चौकट. मी काय शिकलो, काय अवघड गेलं, पुढच्या वेळी काय वेगळं करीन. शिक्षकाने वाचून स्वीकारायचं. वर्षाअखेरी वीस गुण.

"कागदाची वही हरवते," टायवाले म्हणाले. "भिजते, फाटते, कुत्रं खातं. हा पोर्टफोलिओ कधीच हरवत नाही. आता एकही मूल असं म्हणू शकणार नाही, की मी वही दिली होती आणि सरांनीच हरवली."

सभागृहात हशा पिकला. पाहूसर खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले. त्यांच्या पायात चपला होत्या.

शिक्षकांसाठीही एक खण होता. दर महिन्याला त्यात एक चौकट भरायची: 'या महिन्यातली माझी एक चूक आणि तिच्यातून मी काय शिकलो.' ती थेट शिक्षण मंडळाकडे जाणार. एकदा पाठवली की मग काना-मात्राही बदलता येणार नाही.

"चूक झालीच नसेल तर?" खेळाच्या शिक्षकांनी विचारलं.

"चौकट रिकामी सोडता येत नाही," टायवाले म्हणाले. "काहीतरी चूक करावी लागेल."

शाळेने हे सगळं झपाट्याने आत्मसात केलं. मुलांना चिंतनाची युक्ती आठवड्यात सापडली. एकाने चिंतन करायचं, बाकीच्यांनी उतरवायचं. ज्याने केलं त्याचा हात तेव्हा प्लास्टरमध्ये होता, त्यामुळे 'डावा हात मोडल्याने थोडी अडचण आली, पण जिद्दीने मात केली' हे वाक्य सव्वीस पोर्टफोलिओंत गेलं. आठवीचा वर्ग कागदोपत्री पार लुळापांगळा झाला. शिक्षकही मागे राहिले नाहीत. खेळाच्या शिक्षकांना चूक सुचली, 'वेळेचं नियोजन अधिक चांगलं करता आलं असतं', आणि मग अकराच्या अकरा जणांची तीच चूक झाली. चौकटीला किमान शंभर शब्द लागत, म्हणून नियोजन या विषयावरचा एक उतारा पुस्तकातून काढून खाली चिकटवला जाई.

पाहूसरांनीही तोच चिकटवला. फक्त आधी त्यातले दोन स्वल्पविराम दुरुस्त केले.

प्रवेशद्वाराजवळ भिंतीवर एक मोठा पडदा लागला. शाळेतल्या प्रत्येक मुलाचा एक चौकोन. काम सादर झालं की हिरवा, नाही तर लाल. मुख्याध्यापिका बाई येता-जाता त्याच्यासमोर उभ्या राहत. बाई वाईट नव्हत्या. गळकं छत आणि तुटके बाक घेऊन त्यांनी चौदा वर्षं ही शाळा ओढली होती, आणि कोणी कधी शाबास म्हटलं नव्हतं. आता मंडळ 'आदर्श डिजिटल शाळा' निवडणार होतं. शंभर टक्के हिरवे चौकोन हवे होते.

शेवटची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाच. त्या दिवशी दुपारी पाहूसर संगणकाच्या खोलीत बसून उरलेले पोर्टफोलिओ स्वीकारत होते. अकरा मोडलेले हात ओलांडून ते एका मुलीच्या खणाशी आले. तिला वर्गात वकीलबाई म्हणत, कारण शिक्षकांनी काही सांगितलं की तिचा हात वर जाई, "पण सर, का?" तिची आई लॉन्ड्रीत इस्त्री करायची, आणि तिचा निबंध शर्टाला इस्त्री करण्यावर होता. आधी कॉलर, मग खांदा, मग बाह्यांचे कफ, मग बाह्या, शेवटी पुढची-मागची बाजू. दिवसाला एकशे वीस शर्ट.

खाली चिंतन होतं. 'मी काय शिकले? शर्टाला इस्त्री करायला मला आधीच येत होतं. लिहिताना मात्र कळलं, की आई कॉलर नेहमी आधी करते आणि ती तसं का करते ते मी कधी विचारलेलं नाही.'

सर खुर्चीत मागे टेकले. मग पुन्हा पुढे येऊन त्यांनी ते वाक्य वाचलं. इतक्या वर्षांत कोणीतरी काहीतरी खरं लिहिलं होतं, आणि त्यावर दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाणं त्यांच्या हातून होणारं नव्हतं. पण 'स्वीकारा' या बटणाखाली तयार शेऱ्यांची यादी होती: उत्तम, चांगले, समाधानकारक. स्वतःचं काही लिहायला जागाच नाही. सरांनी शोधशोध शोधलं. लिहायची चौकट फक्त एका ठिकाणी सापडली, 'परत पाठवा' या बटणाखाली.

त्यांना काही वावगं वाटलं नाही. जन्मभर त्यांनी वह्या तपासून, शेरा लिहून परतच केल्या होत्या. त्यांनी चौकटीत लिहिलं, 'फार छान. कॉलर आधी का, हे आईला विचारून मलाही सांग. मला खरंच माहीत नाही.' आणि बटण दाबलं.

सोमवारी सकाळी पडद्यावर सगळे चौकोन हिरवे होते, एक सोडून.

बाईंनी वकीलबाईला बोलावलं. टायवालेही आकडे न्यायला आलेले होते. पाहूसरांना वर्गशिक्षक म्हणून बोलावलं गेलं. ते दाराशी भिंतीला लागून उभे राहिले.

"एवढ्या सगळ्या शाळेत तू एकटी," बाई म्हणाल्या. "का ग?"

"मी दिला होता, बाई."

"इथे काय लिहिलंय, वाच."

मुलीने वाचलं. "सादर केलेले नाही."

"मग?"

"पण मी दिला होता. शुक्रवारी आमचा संगणकाचा तास सकाळी असतो, तेव्हा."

"घरून पुन्हा पाहिलं नाहीस?"

"घरी संगणक नाही. फोन आईचा आहे, साधा."

टायवाले समजुतीने हसले. "सिस्टिमला कोणाशी वैर नसतं, बाळ. दिलं असतंस तर तिथे दिसलं असतं. दिलेलं परत गेलं आणि पाचच्या आत पुन्हा आलं नाही, तरच असं होतं. पण कोणी शिक्षक विनाकारण परत कशाला पाठवेल?"

पाहूसरांच्या कानात गरम वाटू लागलं.

"सर," बाई वळल्या, "तुमच्यापर्यंत आला होता का हिचा?"

मुलीनेही मान वळवली. तिच्या नजरेत राग नव्हता. बसथांब्यावरचं घड्याळ चालू आहे की बंद, हे पाहावं तसं ती पाहत होती.

"पाहतो," सर म्हणाले.

नेहमी वर जाणारा वकीलबाईचा हात या वेळी खालीच राहिला. जाताना दाराशी सरांना ऐकू जाईल एवढंच म्हणाली, "आई म्हणेल, संगणकात खोटं कसं येईल."

सरांनी संगणकाच्या खोलीत जाऊन स्वतःचा खण उघडला. तिथे सगळं होतं. शुक्रवार, तीन वाजून एक्केचाळीस मिनिटं, परत पाठवले, पुढे त्यांचं पूर्ण नाव. पुस्तकांच्या गाडीने निदान नाव तरी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी ते घरी आले आणि चहा न पिता पुस्तकांच्या कपाटासमोर उभे राहिले. बायको टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालेली. बत्तीस वर्षं तिने कानाला यंत्र लावून लोकांची बोलणी जोडून दिली होती. माणूस गप्प असला तरी तारेच्या दुसऱ्या टोकाला आहे की नाही, हे तिला कळे.

"अहो, काय झालं?"

"काही नाही."

"काही नाही तर चहा गार का होतोय?"

सरांनी सांगितलं. मुलीचं सांगितलं, बटणाचं सांगितलं, कानात गरम वाटल्याचं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आणि शब्दकोशातलं?"

"कुठल्या शब्दकोशातलं?"

"जो तुम्ही उघडत नाही त्या. दर वर्षी कपाट झाडते मी. दर वर्षी पत्र वाचते आणि होतं तिथे ठेवते."

सर खाली बसले. "मग इतक्या वर्षांत बोलली का नाहीस?"

"एक्सचेंजमध्ये पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. दुसऱ्याचं बोलणं कानावर पडलं तरी मध्ये बोलायचं नाही." तिने चहाचा कप त्यांच्या पुढ्यात सरकवला. "पण हा फोन एकोणीस वर्षं वाजतोय हो. आता दुसराही वाजायला लागला. एक तरी उचला."

"आता कोण विश्वास ठेवणार माझ्यावर?"

"तुमच्यावर कोणी अविश्वास कधी दाखवलाय? तशी संधी तरी तुम्ही दिलीत का कोणाला?"

मंगळवारी सर बाईंच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. परत फिरले. पुन्हा गेले. तिसऱ्या वेळी दार बाईंनीच उघडलं, कारण त्या बाहेर निघाल्या होत्या, आणि सर जवळजवळ त्यांच्या अंगावर बोलले, "तिने दिला होता. मी परत पाठवला. चूक माझी."

बाई परत आत जाऊन बसल्या. सगळं ऐकून घेतलं. मग दार लोटून घेतलं.

"सर, झाकली मूठ सव्वा लाखाची. मंडळाची माणसं पुढच्या आठवड्यात येताहेत. शिक्षकाची चूक म्हणून कळवलं तर आपण शर्यतीतून बाद. सिस्टिमची चूक म्हणावं, तर तो टायवाला नाकाला मिरच्या झोंबल्यासारखा उठेल. मुलगी हुशार आहे. तोंडी परीक्षेत हात जरा सैल सोडा, भरून निघेल."

"गुण भरून निघतील."

"मग अजून काय हवं?"

"तिने दिला होता, हे कुठे येईल?"

"ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, तिला माहीत आहे. मंडळाला कळून काय करायचंय?"

"तिच्या आईला माहीत नाही," सर म्हणाले.

बाईंनी कपाळ चोळलं. "पाहू या सर," त्या म्हणाल्या. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून कसं ऐकू येतं, ते सरांना त्या दिवशी कळलं.

ते तडक संगणकाच्या खोलीत गेले. महिन्याची चौकट भरायची राहिलीच होती. 'या महिन्यातली माझी एक चूक.' सरांनी लिहिलं: 'आठवीतल्या एका विद्यार्थिनीने तिचा पोर्टफोलिओ मुदतीत सादर केला होता. शेरा लिहिण्यासाठी मी तो परत पाठवला. त्यामुळे तो सादर न केलेला दिसतो. चूक तिची नाही, माझी आहे.'

आणि बटण दाबलं. पडद्यावर तांबडी ओळ उमटली: 'किमान शंभर शब्द आवश्यक.'

सरांनी मोजले. सव्वीस भरले. नियोजनाचा उतारा खाली चिकटवायला हात गेलाही होता. पण वर ते आणि खाली हे असं नजरेसमोर आल्यावर त्यांना लाज वाटली. आता चौऱ्याहत्तर शब्द आणायचे कुठून? मुलीबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं. खरी अशी दुसरी एकच गोष्ट त्यांच्यापाशी होती. ती त्यांनी मनातल्या मनात इतक्यांदा लिहिली होती की बोटं अडखळली नाहीत. हिरवी पिशवी आली, दोन खंड आले, गाडीवर राहिलेली वही आली, पत्र आलं, न दिलेलं उत्तर आलं. शेवटी लिहिलं, 'यातून मी काय शिकलो, हे सांगता येत नाही, कारण शिकलो असतो तर पुन्हा केलं नसतं.' आता एकशे बारा झाले.

पडद्याने विचारलं, 'यानंतर बदल करता येणार नाही. पाठवायचे?' खाली दोन बटणं होती, 'होय' आणि 'नंतर'.

सर दोन्हींकडे बराच वेळ पाहत बसले. मग त्यांनी 'होय' दाबलं, आणि पुसून टाकण्यासारखं काही उरलं नाही म्हणून रुमालाने चष्मा पुसला.

तासाभरात बाई आल्या, मागे टायवाले. "काढून टाका ते," बाई म्हणाल्या.

"निघत नाही," टायवाले म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. "तेच तर आमचं वैशिष्ट्य आहे."

मंडळाचं उत्तर नवव्या दिवशी आलं. तोवर सरांनी राजीनाम्याचे चार मसुदे केले होते आणि चारही भाषेच्या दृष्टीने असमाधानकारक म्हणून फाडले होते. मंडळाने दोन गोष्टी केल्या. मुलीचा खण दोन दिवसांसाठी पुन्हा उघडला, आणि मूळ तारखेलाच काम सादर झालं होतं असं तिच्या आईच्या नावाने लेखी कळवलं. आणि सरांची चौकट 'प्रामाणिक चिंतनाचा नमुना' म्हणून सगळ्या शाळांना पाठवली.

नमुन्याचा व्हायचा तो परिणाम झाला. पुढच्या महिन्यात मंडळाकडे सतरा शिक्षकांच्या चौकटी अशा आल्या, की त्यांच्या हातून जुन्या पुस्तकांच्या गाडीवर एका विद्यार्थ्याची वही राहिली. पैकी तिघांच्या गावात पुस्तकांची गाडीच नव्हती. पिशवी मात्र सगळ्यांची हिरवी होती. आपल्या शाळेतल्या खेळाच्या शिक्षकांनी तेवढी निळी केली, कारण मूळ मालक समोरच बसत होता. शाळेला आदर्श डिजिटल शाळेचं प्रमाणपत्र मिळालं, बाईंनी ते पडद्याशेजारी लावलं, आणि पाहूसर दिसले की त्या जरा ओशाळून म्हणू लागल्या, "सर, तुमच्यामुळे." टायवाले दुसऱ्या शाळांत जाऊन सांगू लागले, "पाहा, आमच्या सिस्टिममुळे माणसं एकोणीस वर्षांचं ओझं उतरवतात."

ओझं कुठे उतरलं होतं, हे सरांना काही दिसेना. लोक पाठ थोपटत होते आणि ते अजूनही बर्फाच्या कारखान्यावरूनच येत-जात होते.

वकीलबाईने तिचा पोर्टफोलिओ पुन्हा सादर केला. चिंतनाखाली एक ओळ वाढली होती. 'आईला विचारलं. ती म्हणाली, कॉलर शेवटी ठेवली तर तोवर हात थकलेला असतो, आणि लोक बघतात ती कॉलरच.' सरांनी या वेळी 'स्वीकारा' दाबलं, यादीतून 'उत्तम' निवडलं, आणि बाकीचं सांगायला तिला वर्गाबाहेर गाठलं.

तिने ऐकून घेतलं. मग हात वर केला, जरी समोर ती एकटीच होती. "सर, तुमचं ते सूचनाफलकावर लावलंय ते वाचलं मी. त्या मुलाच्या बाबांना कळवलंत का?"

"पा..." सर म्हणाले आणि थांबले. "नाही."

"मंडळाला कळवलंत, सगळ्या शाळांना कळलं, आणि ज्यांनी विचारलं त्यांनाच नाही. का सर?"



घरी येऊन सरांनी जुना शब्दकोश काढला. पत्र होतं तिथेच होतं, फक्त घडीवर कागद पिवळा पडला होता. बायकोने कोरे कागद आणून ठेवले आणि ती दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. पहिला मसुदा चार पानी झाला. त्यात शिक्षकाच्या जबाबदारीवर दीड पान होतं. दुसऱ्यात क्षमेवर एक. आठव्या मसुद्याला त्यांनी मूळ पत्र पुन्हा वाचलं, तेव्हा दिसलं की मुलाने दोनच ओळी मागितल्या होत्या. त्यांनी त्या लिहिल्या. 'आपल्या मुलाने वही पूर्ण लिहिली होती आणि वेळेत माझ्या हातात दिली होती. ती माझ्याकडून हरवली, आणि हे सांगायला मी एकोणीस वर्षं लावली.' खाली सही केली. आधी दुसऱ्या कागदावर गिरवून पाहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या कचेरीत ते डिंक मागायला गेले. कारकुनाने पाकिटावरचा पत्ता पाहिला आणि हात पुढे केला.

"बंद करू नका सर, आधी स्कॅन करून घेऊ. तुमच्या चौकटीखाली 'चूक सुधारल्याचा पुरावा' अशी एक जागा आहे, ती रिकामीच आहे. त्यापायी तुमचा पोर्टफोलिओ छप्पन्न टक्क्यांवर अडकलाय."

"छप्पन्नावर?"

"हा एक कागद जोडला की एकदम शंभर."

सरांनी पाकिटाच्या कडेवरून डिंकाचं बोट फिरवलं, कड दाबली, आणि हातरुमालाने नीट टिपून घेतली. "चिकटलं," ते म्हणाले.

त्या दिवशी ते बाजारातून गेले. रस्ता त्यांच्या आठवणीपेक्षा बराच आखूड निघाला. दुकान तिथेच होतं. काउंटरमागे एक म्हातारा चष्मा कपाळावर चढवून किल्लीला कानस मारत होता. मुलगा गाव सोडून गेला, लिफ्ट बसवायच्या कामावर आहे, असं सरांनी कोणाकडून तरी ऐकलं होतं. बापलेकांचं बोलणं आहे की नाही, ते ऐकलं नव्हतं, कारण विचारायची छाती झाली नव्हती.

पत्रांची लाल पेटी दुकानाच्या खांबालाच टांगलेली होती. हेही सरांना ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत ते इथे आलेच कुठे होते.

"किल्ली करायचीय का?" म्हाताऱ्याने विचारलं.

"नाही. ही पेटी कधी उघडतात?"

"चारला येतो माणूस. टाका ना. लांब जायचंय का पत्र?"

"इथलंच आहे. गावातलंच."

"मग हातानेच द्यायचं की," म्हातारा कानस न थांबवता म्हणाला. "उगाच त्याला फिरवून आणायचं."

सरांच्या हातात पाकीट होतं, आणि त्यावरचा पत्ता ज्याचा तो दोन हातांवर बसला होता. त्यांना एकदम वाटलं, की हे पुढे करावं. मग वाटलं, तो समोर फोडेल, चष्मा खाली ओढेल, वाचेल, आणि आपण काहीतरी बोलू. आपण काय बोलू ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"मला पोस्टाने आलं होतं," ते म्हणाले. "पोस्टानेच जाऊ दे."

"तुमची मर्जी. उद्या अकराला मिळेल ज्याला मिळायचं त्याला." म्हाताऱ्याने किल्ली उजेडाकडे धरून पाहिली. "पत्ता तेवढा नीट घातलाय ना?"

सरांनी पाकीट उलटं करून पत्ता एकदा वाचला. पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा वाचायचं मनात आलं होतं, पण त्यांनी ते पेटीत टाकलं.